न मोजलेलं पाणी

कबुलीजबाब म्हटल्यावर सरसावून बसले ना? वाटलं असंल, पोरीबिरीचं लफडं. न्हाई हो — पाण्याचं हाय. एक टप पाणी. पण आजवर कुणालाच सांगितलं न्हाई.

परतूरला संध्याताई जुनी कागदं दुरुस्त करतात. मी त्यांचा पाण्याचा माणूस. पिवळा पडलेला कागद पाण्यात निजवून धुतात, माहीत हाय? मला तर आधी चेष्टाच वाटली. पण ताई ओलं पान असं उचलतात — दुधावरची साय उचलावी तसं. मी सगळ्या गावाच्या नकला करतो, कंडक्टरपासून आमदारापर्यंत. ताईचे हात काही जमले न्हाईत.

आमच्या बोअरच्या पाण्यात लोह लई. ते फिल्टरातून थेंब-थेंब गाळायचं, मंग पाण्यात किती क्षार उरले ते दाखवणारं मीटर बुडवून आकडा पाहायचा. आतून ताई विचारणार, "बराबर हाय का?" मी "बिलकुल!" म्हटलं की पान पाण्यात. माझ्या एका शब्दावर — कोण ठेवतं एवढा भरवसा?

त्या दिवशीचं पान एका मारवाडी शेठजीच्या आईनं लिहिलेल्या भजनांचं. आईचा फोटो न्हाई त्यांच्याकडं — अक्षर तेवढं. अन् मला अंकुशनगरला नकलांचा कार्यक्रम. फिल्टर संपल्ता. नवा बसवायचा, टप भरायचा — दुपार गेली असती. मी... सरळ बोअरचा नळ सोडला. मीटर खिशातच.

आतून ताईनं विचारलं. मी म्हटलं, "बिलकुल!"

लई टाळ्या घेतल्या त्या दिवशी.

पावसाळ्यात पानावर गंजासारखे ठिपके आले, नेमके अक्षरांवर. ताईनं हर इलाज केला, गेले न्हाईत. शेठजी एकेका ठिपक्यावरून बोट फिरवून राह्यले. ताई हात जोडून म्हणाल्या, पाण्यात लोह राह्यलं, पाणी पाहायची जिम्मेदारी माझी, चुकलं माझं. सबब सांगितली न्हाई, माझं नाव घेतलं न्हाई. अन् मी? बाजूलाच उभा.

शेठजी गेल्यावर मी डबा न उघडता कोपऱ्यात बसल्तो, तर ताई माझ्यावर खवळल्या. "चूक माझी, अन् उपाशी तू मरतोस का रे? समद्या पाण्याचं काम तुझ्या एकट्यावर टाकलं, तेच चुकलं माझं. उद्यापासून मीटर मी पाहीन. खा गुमान!"