इंजिनाला घातलेला हार

गाड्यांच्या शर्यतीत सगळ्यांना समान संधी असते, असं अक्का म्हणाली तेव्हा मी हसलो होतो. मी पत्रकं लिहिणारा माणूस. 'समान' हा शब्द दिसला की तो कुणी छापलाय ते आधी बघतो. पण अक्का, माझी थोरली बहीण, सोलापुरात मोटार ड्रायव्हिंग शिकवते, आणि तिचा हिशेब सरळ होता. या स्पर्धेत हौशी लोकच उतरतात. सगळ्यांकडे एकाच मॉडेलची हॅचबॅक, दिसायला छोटी, पळायला राक्षस. टायर तेच. इंजिनाला आयोजकांनी तार ओवून शिशाचं सील ठोकलेलं, आत कुणी हात घालायचा नाही.

"मग ऱ्हायलं काय? हात आणि डोकं. ते माज्याकडं हाय की!"

होतंच. आधीच्या फेऱ्यांत तिनं ते दाखवलं होतं. शेवटची फेरी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या पलीकडच्या सिमेंट पट्ट्यावर होती. तिथून दोघंच मोठ्या ट्रॅकवर जाणार, आणि त्यातली एक अक्का, हे तिचे विरोधकसुद्धा धरून चालले होते.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, शिलाई मशीन, विळी, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि शर्यतीच्या गाडीपाशी येऊन बॉनेट उघडायला लावलं. "जीव आत हाय आणि कुंकू पत्र्याला व्हय?" इंजिनावर झेंडूचा हार टिकेना, तेव्हा तो तिनं एका तारेत अडकवला. दसऱ्यानंतर सुकलेला हार ओढून काढला. त्याबरोबर तार तुटली, सील गेलं. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

शर्यतीच्या सकाळी तपासनिसानं बॉनेट उघडलं आणि थांबला. मागच्या फेरीत एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या मुलाचंही सील तुटलेलं निघालं होतं. 'ट्रेलरवर हादरे बसले' म्हणाला, नवं सील मारून मिळालं, गाडी पळाली. तो बाजूलाच उभा होता.

तपासनीस हळूच म्हणाला, "वाटेत तुटलं का?"

वाट दाखवत होता बिचारा. मी अक्काचं कोपर दाबलं. ती तोंड उघडणार तोच अव्वा डबा सावरत पुढं आली.

"वाटंत कशाला तुटंल साहेब? पोरगी जपून चालवती. घरातच तुटलं की. हार काढताना, माज्याच हातानं."

"मावशी, घरी तुटलं म्हणजे इंजिन उघडलं असं धरावं लागतं."

"उघडलं न्हाय हो, ववाळलं!"

सगळे खिदळले. ट्रान्सपोर्टवाल्याचा मुलगा म्हणाला, "मावशी, आमच्या बी इंजिनाला ववाळा की. जरा जोरात पळंल."

मी भांडलो. "याचं तुटलेलं चाललं ते?"

"वाहतुकीतलं नुकसान नियमात आहे."

"आणि खंडेनवमी?"

"ती नाही."

त्या तपासनिसाच्या स्वतःच्या गाडीच्या बंपरवर झेंडू सुकत लटकला होता! ते मी बोट करून दाखवलं. "ती शर्यतीत नाही," तो म्हणाला, आणि अक्काच्या दारावरचा नंबर सोलून काढायला लागला. इंजिन उघडून बघा म्हटलं, तर आज वेळ नाही. खोट्याला वेळ होता, खऱ्याला नाही. नियम लिहिणाऱ्यांना ट्रेलर माहीत होता. स्वतःच्या घरातला सण मात्र त्यांना कागदावर आणवला नाही.

अव्वाला उशिरा कळलं. "मी खोटं बोलाया पायजे होतं व्हय गं?"

"बिडु अव्वा. सोड," अक्का म्हणाली. ती आईला कधी उलटून बोललेली मला आठवत नाही, तेव्हाही बोलली नाही. माझ्याकडं मात्र बघितलं नाही.

आम्हाला दोरीच्या बाहेर जायला सांगितलं. मी म्हटलं, घरी जाऊ. अक्का हलली नाही. गाड्या सुटल्या. पहिल्या वळणाला ट्रान्सपोर्टवाल्याच्या मुलानं ब्रेक उशिरा दाबला, गाडी बाहेर फेकली गेली, तरी तो सावरून पुढं गेला. मी अक्काकडं बघितलं. तिचा उजवा पाय चपलेसकट मातीत रुतला होता. वळण येण्याआधीच ती ब्रेक दाबत होती, अगदी जिथं दाबायला हवा तिथं.