राजामामांचं वजन

राजामामांना हळू बोलता येत नसे. झाडीपट्टीच्या नाटकांत आयुष्यभर राजाचे पार्ट केलेले. सावली गावातल्या घरी चहा मागतानाही त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाई. माझ्या आईचा हा धाकटा भाऊ साऱ्या गावाचाच मामा होता.

नाटकांच्या एका हंगामात त्यांचा किरमिजी अंगरखा बटणं तुटेपर्यंत घट्ट झाला आणि काही दिवसांनी खांद्यावरून ओघळू लागला. मामी घाबरली. मामा म्हणाले, "अवो, राजा कधी जाडा रायते, कधी बारीक. तू काऊन भेऊन राह्यली?" चंद्रपूरला तपासणी केल्यावर कळलं, मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. अंगात पाणी साचलं की वजन वाढे, औषधानं ते उतरलं की घटे. भूक मेल्यानं मांसही झडत होतं.

पथ्य म्हणून त्यांना जमेना. जरा बरं वाटलं की औषध सोडत, जेवताना लोणचं ओढत. पुन्हा पाय सुजत. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोरच समजावलं, "मामा, या आजारात हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही धोका असतो. वजन असं सारखं खालीवर होणं चांगलं नाही. छातीत दुखलं तर अंगावर काढू नका."

"राजाची छाती हाय, बाई!" मामा हसले.

पुढे एका तालमीत तलवार उपसतानाच ते मटकन खाली बसले. हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती. स्टेंट बसवावा लागला. दवाखान्यात नर्सनं सांगूनही मामीनं त्यांचा हात सोडला नाही. "आता तू सांगशीन तसं," मामा तिला म्हणाले.

आणि खरंच तसे वागले. सकाळी काट्यावर उभे राहत, मोजूनमापून पाणी पीत, अळणी जेवत. "मीठ सुटलं त तुह्या हातची चव समजून राह्यली," म्हणत, मामी लाजे. वजन स्थिरावलं, चेहरा उजळला. पण रात्रीचे प्रयोग कायमचे बंद झाले. राजाचा पार्ट सिंदेवाहीच्या एका शिक्षकाकडे गेला. मामांनीच त्याला घरी बोलावून चालणं, वळणं, थांबणं शिकवलं. अंगरखा मामीनं त्याच्या मापाचा करून दिला.

सिंदेवाहीतल्या रंगीत तालमीला मी मामांना घेऊन गेलो. राजाच्या मरणाचा प्रवेश सुरू झाला. मामांचे ओठ संवादांबरोबर हलत होते, ते मधेच थांबले. पडदा पडल्यावर शिक्षक धावत येऊन पाया पडला. "मामा, जमलं का जी?"

मामांनी त्याला उठवून जवळ घेतलं. "मी त मरायचं नाटक करत होतो गा. तू खराच मेला."

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर मामा दुपारच्या झोपेतच गेले. तेरवीला नाटक कंपनीतले सगळे आले. मामीनं त्या शिक्षकाला पहिल्या पंगतीत बसवलं, स्वतः वाढलं. तो घास घेईना, नुसता रडत होता.

"जेव बाबू," मामी म्हणाली. "हंगाम जवळ आला."