इंदूबाईंची पाण्याची बाटली

माझं तोंड खराब आहे, हे सगळ्या अमरावतीला माहीत आहे. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं की माणूस असाच होतो. समोरच्याचं उत्तर चुकलेलंच असणार, हे धरून चालतो. म्हणून इंदूबाईंबद्दल लिहायच्या आधी माझी चूक सांगते, नाहीतर पुढचं सगळं गोडगोड वाटेल.

दर्यापूरच्या अलीकडे आमच्या शेतात पणजोबांनी बांधलेला बंगला आहे. दोन हात रुंद मातीच्या भिंती, सागाचे खांब, तीन बाजूंनी ओसरी. पणजोबा वकील होते, कापूस वेचणीच्या दिवसांत तिथेच मुक्काम टाकत. पुढे वीसेक वर्षं त्यात वटवाघळं राहिली आणि मधल्या खोलीत कोणीतरी गुरांचं कुटार भरलं. मी निवृत्त झाले आणि ठरवलं, याचं पाहुणघर करायचं. शहरातली माणसं हुरडा खायला येतील, चार दिवस राहतील. भाऊ म्हणाला, "शैला, वेड लागलं का? पाडून टाक." झालं, मग तर मी ऐकणारच नव्हते.

पावसाळ्याआधी ठेकेदार गाठला आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करायला लावलं. काम चालू असताना गावातून एक म्हातारी आली. पदर खोचलेला, हातात पाण्याची बाटली. भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "बाई, या भिताडाले सिमेट लावू नका. पानी आतल्या आत कोंडते."

"तुम्ही इंजिनिअर आहात का?" मी विचारलं.

"नाई. लिपतो मी."

"मग आपलं घर लिपा."

ती आल्या वाटेने निघून गेली. मला वाटलं, बरं गप्प केलं.

गणपतीत भिंतीला पोट आलं. एका सकाळी दाराएवढा तुकडा आतल्या मातीसकट खाली बसला. माझा जुना विद्यार्थी अनुप आता इंजिनिअर आहे, त्याला बोलावलं. त्याने लाकडी बल्ल्यांचा टेकू दिला आणि मान हलवली. "मॅडम, ही भिंत बसली की छप्पर बसलं. दिवाळीपर्यंत सावरली तर ठीक, नाहीतर सगळं उतरवावं लागेल." सगळं म्हणजे बंगलाच. तो गेल्यावर मी ओसरीवर बसून रडले. भावाला हे अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावात त्या म्हातारीचं घर विचारत विचारत विहारामागच्या गल्लीत गेले. इंदूबाई सूप घेऊन तूर पाखडत होत्या. वय अडुसष्ट, सगळी हयात भिंती लिपण्यात गेलेली. माफीचं भाषण मी वाटेत पाठ केलं होतं, पण तोंडातून निघालं एवढंच, "तुमचं बरोबर होतं."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "चहा घेता?"

घेतला. साखर फार होती, तरी सगळा प्यायले.

त्यांची अट एकच. "मी सांगीन तसं कराचं. मधात बोलाचं नाई." माझ्यासाठी ही अट म्हणजे शिक्षाच होती. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "माती तर शेतभर पडली आहे." त्यांनी कपाळावर हात मारला. "मास्तरीनबाई, थे काळी हाय. वाळली का बोट जाईन अशा भेगा पडते." त्यांना हवी होती पांढरी, जुन्या गावठाणातली. ती आणली, भिजवली, त्यात शेण आणि गव्हाचा भुसा घातला आणि आठ दिवस रोज पायांनी तुडवली. तुडवायला मीही होते. वास असा की जेवण जाईना.

इंदूबाई रोज पिण्याचं पाणी घरून आणत. मी सांगितलं, "इथे फिल्टरचं पाणी आहे." त्या म्हणाल्या, "असू द्या." दोनदा, तीनदा सांगितलं. मनात म्हटलं, काय ही अढी, आमच्या पाण्यात विष आहे का?

मग सिमेंट काढायला घेतलं. छन्नीने एक खपली निघाली आणि इंदूबाई थांबल्या. आतल्या जुन्या मातीतून त्यांनी सुतासारखा एक धागा ओढून काढला.

"अंबाडी," त्या म्हणाल्या. "हे मायचं काम हाय. भुसा साऱ्याच बाया घालत. अंबाडी सडवून, सोलून, बारीक तोडून घालनारी माय एकटी. चतुराबाई नाव होतं तिचं. दरसाल दिवाईच्या आंदी हे भिताड लिपे."

"आणि आतून कोण?"

"आतून तुमच्या घरची मानसं. मायले वसरी चढाचा हुकूम नोता. प्याचं पानी वरून ओंजयीत टाकत." धागा बोटाला गुंडाळत त्या बोलत होत्या, आवाज अगदी साधा. "छप्पनसाली आमी बौद्ध झालो, तवापासून मायनं इथलं पानी सोडलं. मडकं घरून आने. मलेबी तसंच सांगून गेली."

मी बाटलीकडे पाहिलं. पाणी घ्या म्हणून पुन्हा एकदाही बोलले नाही. कोणत्या तोंडाने बोलणार होते?

तुडवलेल्या मातीच्या गाऱ्यात या वेळी अंबाडीही पडली. पोट आलेली माती खरवडून काढली, खड्डे थर देऊन भरले, एक थर वाळला की दुसरा. ऑक्टोबरच्या उन्हाने साथ दिली. दिवाळी झाल्यावर अनुपने ओळंबा लावला, दोनदा लावला, आणि बल्ल्या काढून टाकल्या. भिंत उभी राहिली. मी त्याच्यासमोरच इंदूबाईंचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी दंड धरून उठवलं. "गाऱ्यात पडसान," म्हणाल्या.

डिसेंबरात पहिले पाहुणे यायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी मी इंदूबाईंना पहिली पाहुणी म्हणून बोलावलं. त्या धुवट पांढरं लुगडं नेसून आल्या. ओसरी चढल्या, उंबरा ओलांडला आणि पश्चिमेच्या खोलीत नव्या गादीवर जाऊन बसल्या. हात मोकळे होते, बाटली आणली नव्हती.

"बाई," त्या म्हणाल्या, "पानी द्या."

माठातून पेला भरून दिला. थोडं सांडलं. त्या सावकाश प्यायल्या. तळाशी घोटभर ठेवलं, तळहातावर ओतलं आणि उठून भिंतीच्या आतल्या बाजूला केसाएवढी चीर होती ती ओल्या हाताने दाबून सारखी केली.

"माय इतकी वर्सं बाहेरून लिपे," त्या म्हणाल्या. "आतून कशी दिसते थे तिनं पायलंच नाई."

चतुराबाईंची भिंत आणि त्यांच्या लेकीचे हात, दोन्हींचं मोल मजुरीत फिटणारं नव्हतं, आणि त्या घरून आणलेलं पाणी पीत राहिल्या असत्या तरी मला बोलायला जागा नव्हती.

इंदूबाईंनी रिकामा पेला पुढे केला. "आना अजून एक."

मी माठाकडे गेले.