नकाशावरचा घोडा

"काढ! आत्ताच्या आत्ता काढ ते! मी काय चोर हाय, का कुणाची चुकलेली म्हैस हाय? मी कुटं हाय ते जगाला कशाला पायजे?"

सोलापूरच्या नवी पेठेत, स्वतःच्या चादरींच्या दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना माझा मित्र ओरडत होता. आवाज असा की समोरच्या सराफाच्या काट्यावरचं सोनं हललं आणि रस्त्यातली एक रिक्षा आपणहून मागं सरली. हातातला वायरलेसचा सेट तो माझ्या नाकासमोर नाचवत होता. गिऱ्हाईक बाई चादरीचं टोक धरून उभ्या होत्या. भाव करावा की पळावं, ते त्यांना ठरवता येईना.

आम्ही शाळेपासूनचे. हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षाही शेजारी बसून दिली. म्हणजे मी दिली, त्यानं पाहिली. तेव्हापासून रोज संध्याकाळी अर्धा तास आमच्या गप्पा हवेतून चालत. शुक्रवार पेठेतल्या माझ्या गच्चीवरून त्याच्या दुकानाच्या पायरीपर्यंत हातात चहा घेऊन निघालं तर तो गार व्हायच्या आत पोचता येतं. पण समोरासमोर बसून बोलणं कुणालाही जमतं.

पुढं माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद पडलं, मुलगी पुण्याला गेली, बायकोनं मालिका धरल्या. माझ्याकडं तो अर्धा तास उरला. त्याच्यासाठी मी सकाळपासून तयारी करायचो. अँटेनाच्या झळीनं शेजारणीचे गच्चीवर वाळत घातलेले शेंगदाणे कसे खरपूस भाजून निघाले आणि तिनं त्याची चटणी कुटून मलाच कशी विकली, ही गोष्ट रंगवायला मला तीन संध्याकाळी पुरल्या नाहीत.

मग गेल्या वर्षी त्यानं सुरू केलं, "मंगळवेढ्याला निघालोय बघ. सासऱ्याच्या रानात काम हाय. वाटंवरचं तिऱ्हं गाव सोडलं, आता आवाज तुटणार..." आणि आवाज तुटायचाच. डिजिटल सेटचं असंच असतं. रेंज आहे तोवर काचेसारखं स्वच्छ, रेंज संपत आली की पत्र्यावर खडे. आमचे सगळ्यांचे आवाज गावातल्या एका उंच इमारतीवरच्या यंत्रातून फिरून येतात, त्यामुळे बोलणारा कुठून बोलतोय ते ऐकणाऱ्याला कळत नाही. मी आपला कळवळायचो. बिचारा या वयात गाडी हाणतोय! ज्वारीची पेरणी झाली, राखण झाली, काढणी झाली, मळणी झाली. तो जितक्या वेळा गेला त्या मानानं त्या रानातल्या ज्वारीवर सबंध सोलापूरला दोन पिढ्या कडक भाकरी पुरली असती.

अशात त्यानं नवा सेट घेतला आणि तो लावून द्यायला माझ्याकडं आणून टाकला. मी लावून दिलाच, वर प्रेमानं ठिकाण कळवायची सोयही चालू केली. काम वाटतं तितकं सोपं नाही. मेनूच्या पोटात मेनू. उपग्रहाचं बटण वेगळं, ठिकाण कुठल्या क्रमांकाला धाडायचं तो क्रमांक वेगळा, किती वेळानं धाडायचं ते वेगळं. एक जरी चुकलं तरी नकाशावर काही उगवत नाही, किंवा भलतीकडं उगवतं. माझ्या घरच्या यंत्रात मी अक्षांश-रेखांश हातानं भरले. त्याला हवे होते दशांश, मी घातली मिनिटं, आणि आठवडाभर माझं राहतं घर भीमेच्या पात्रात भिजत पडलं. बायको आत होती, तिला पत्ता नाही.

नकाशावर ज्याला त्याला चिन्ह निवडता येतं. घर, मोटार, चालता माणूस. त्याला मी घोडा दिला. सेट परत करताना नीट सांगितलंही, "आता तू कुठं उभा आहेस ते अमेरिकेतल्या माणसालासुद्धा दिसेल. तू हललास की घोडा हलेल."

"व्हय व्हय," तो चादर झटकत म्हणाला, "आन घोडा लीद टाकतोय त्येबी दिसतंय का?"

जन्मात एकदा मी तिखटमीठ न लावता बोललो, आणि नेमकी तीच त्याला थाप वाटली.

त्या संध्याकाळी गच्चीवर बसलो. एका हातात सेट, दुसऱ्या हातात मोबाईलवरचा नकाशा. "तिऱ्हं सोडलं बघ," तो म्हणाला. घोडा नवी पेठेत. मी म्हटलं, उपग्रह चुकला असेल, एवढ्या उंचावरून चुकणारच. दुसऱ्या दिवशीही तिऱ्हं सुटलं, घोडा पायरीवर. त्याचा आवाज तुटताना मी ऐकत होतो आणि घोडा बघत होतो. बोलताना दाबून धरायचं बटण मधूनमधून सोडलं की आवाज तसाच तुटतो. हे मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. ते त्यानं खास माझ्यासाठी शोधून काढलं होतं.

मी बटण दाबलं. आणखी चारपाच जण ऐकत होते, ऐकू देत म्हटलं. "मालक, मंगळवेढा नवी पेठेत कधी आणलंत? घोडा पायरीवरच घाम गाळतोय, पाणी पाजा त्याला!"

कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणी. आणि मग त्याचा आवाज आला, काचेसारखा स्वच्छ: "उद्या दुकानात ये."

म्हणून मी दुकानात होतो आणि तो ओरडत होता. बाई चादर न घेताच गेल्या. मी सेट घेतला, मेनूत शिरलो, ठिकाण बंद केलं.

"झालं. आता तू कुठंच नाहीस," मी म्हणालो. "रानात किती ज्वारी झाली?"

"रान कवाच इकलं."

"मग सरळ सांगायचं होतंस, कंटाळा आला म्हणून! वर्षभर तिऱ्हं कशाला सोडत बसलास?"

"सांगू कवा?" तो आता ओरडत नव्हता. "एकानं बटण दाबलं की दुसऱ्याला बोलता येत न्हाई. तू दाबतोस ते सोडतच न्हाईस. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, लई भ्या वाटत हुतं. तुला सांगावं म्हणून बटण दाबत बसलो. तुझं शेंगदाणे भाजणं चाललं हुतं."

"झालं का ऑपरेशन?"

"झालं की. चालती आता."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. शेंगदाण्यांची गोष्ट त्याला हसवायला म्हणून मी दोन दिवस घोळवली होती. हसला असता तर माझं बोट आपोआप सुटलं असतं. पण हे बोलायला तिथं बटण नव्हतं. तो चादरीच्या घड्या घालत राहिला, टोकाला टोक लावून, माझ्याकडं न बघता. मी पायरी उतरलो, पुन्हा वळलो.

"संध्याकाळी येणार का रेडिओवर?"

"तू बोल की," तो म्हणाला. "सेट चालू असतोय."