परक्या पाण्यातला पावणा

तात्या कोणत्याही नव्या पाण्यात पहिल्या दिवशी उतरत नसत. गळ, दोरी, वल्हं सगळं बरोबर घेऊन जायचे, होडी काठावर आडवी करायचे आणि एक अख्खी भरती, एक अख्खी ओहोटी नुसते बसून राहायचे. तंबाखू मळायचे, पाण्याकडे बघायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीबाही विचारायचे आणि रिकाम्या हातांनी घरी यायचे. गावातली पोरं विचारायची, "तात्या, मासं धराया गेलता का पोरगी बघाया?" तात्या शांतपणे सांगायचे, "परक्या पान्यात आपुन पावनं. पावन्यानं पयल्या दिशी चुलीपाशी जाऊ नये." गावाने मग त्यांचं नावच पावणातात्या ठेवलं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी बोईसरच्या एका बँकेत रोखपाल म्हणून आलो आणि जवळच्या खाडीकाठच्या गावात तात्यांच्या ओटीला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहिलो. माझा धंदा मोजण्याचा. 'बरंचसं' आणि 'थोडंफार' हे शब्द मला तेव्हाही चालत नसत, आजही चालत नाहीत. म्हणून मी एकदा त्यांना सरळ विचारलं, की या बसून राहण्याचा फायदा आजवर किती झाला? ते म्हणाले, "बुडाले ते मोजता येतात सायब. बुडायचे राहिले ते कसे मोजनार?" मी म्हणालो, मग हा हिशेब जुळत नाही. "नाय जुळत," ते म्हणाले आणि वल्ह्याला दोरी बांधायला लागले.

त्यांची होडी एका माणसाची. अरुंद, हलकी, दोघांना सहज उचलता येईल अशी. वल्हं हातातून सुटलं तरी वाहून जाऊ नये म्हणून ते दोरीने होडीला बांधलेलं, आणि मागे तोंड बंद केलेला एक रिकामा डबा, होडी उलटली तर धरायला. मी त्या होडीत आयुष्यात एकदाच बसलो. बसण्याआधी मला सूचना मिळाल्या: उभं राहायचं नाही, एका बाजूला वाकायचं नाही, शिंक आली तर आधी सांगायचं. मी पूर्ण वेळ नाक दाबून बसलो होतो. काकी, म्हणजे तात्यांची बायको, ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं माझ्या पाहुण्यांना सांगत असे.

हे सगळे नियम परक्या पाण्याचे. गावच्या खाडीत मात्र तात्या यातला एकही पाळत नसत. तिथे ते होडीत उडी मारून बसायचे, मागे वळून काकीशी भांडत भांडत वल्हवायचे. खाडीतले खुंट, खडक, तिवरांमधल्या वाटा त्यांना पाठ होत्या. मी टोकलं तर म्हणायचे, "घरात शिरताना कोन कडी वाजवतं का?"

मग त्या घरातच राहता येईना. मी आलो तेव्हाच खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने वाढत होते. दोषी कोण, हे सांगायला माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी कोणाचं नाव घेत नाही. जे पाहिलं ते एवढंच: आधी चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या गेल्या, मग कोळंबी. बोयटं मिळायची, पण पालघरच्या बाजारात गिऱ्हाईक मासा उचलून कल्ले हुंगायचं आणि परत ठेवायचं. एक दिवस काकी भरलेली पाटी घेऊन परत आली. पाटी अंगणात ठेवून म्हणाली, "माज्या बोयटाला दवाखान्याचा वास येतो म्हन्तात." तात्यांनी एक बोयट उचललं, हुंगलं आणि पाटी तिवरांत नेऊन रिकामी केली.

त्यानंतर ते बाहेरच्या पाण्यांवर जायला लागले. दुसरा धंदा त्यांना येत नव्हता आणि मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून जायचं वय उलटलं होतं. ती अरुंद होडी आणि कुठेतरी चांगलं पाणी, एवढ्यावरच घर चालणार होतं. कुणाच्या टेम्पोत, कुणाच्या बैलगाडीत होडी घालून ते कधी केळव्याकडे, कधी सातपाटीच्या बाजूला जात. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर जात असे.

परक्या गावात त्यांची एक रीत होती. दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरताना अंगातला सदरा काढायचा आणि काठावरच्या पहिल्या घरी नेऊन द्यायचा. घरातल्यांनी तो ओटीवरच्या खुंटीला टांगायचा. "सदरा हितं हाय म्हंजे मानूस पान्यात हाय," ते त्या घरच्यांना सांगत. ओळख नसलेल्या माणसाचीही मग त्या घराला काळजी लागायची. येता-जाता कुणीतरी खुंटीकडे बघायचं आणि मग खाडीकडे.

एकदा केळव्याकडे दुपारी वारा फिरला. तात्या शहाणपणाने होडी जवळच्या, म्हणजे पलीकडच्या काठाला लावून मोकळे झाले आणि तिथूनच मिळेल त्या टेम्पोतून घरी आले. सदरा अलीकडे राहिला. घर होतं एका म्हातारीचं. दिवस मावळला तरी खुंटीवर सदरा, हे पाहून तिने गाव गोळा केला आणि माणसं होड्या घेऊन पाण्यात उतरली. सकाळी मी आणि तात्या होडी न्यायला गेलो, तर ती सगळी माणसं लाल डोळ्यांनी काठावर बसलेली. म्हातारीने सदरा तात्यांच्या अंगावर फेकला. "घे. मेला असतास तर येवडा राग नसता आला."

तात्या तिच्या पाया पडले. त्यानंतर कुठल्याही काठाला लागले तरी आधी सदरा ताब्यात घ्यायचा, मग मासे बाहेर काढायचे, हा क्रम त्यांनी मोडला नाही. उन्हात मासा मऊ पडला तरी नाही.

मासवणची गोष्ट वेगळी. सूर्या नदीचं पाणी गोड आणि स्वच्छ आहे असं कळल्यावर तात्या मला घेऊन तिथे गेले आणि रिवाजाप्रमाणे भरतीची वाट बघत बसले. दुपार झाली तरी पाणी एकाच दिशेने चाललेलं. शेतावरून परतणारी एक बाई त्यांना म्हणाली, "बाबा, हितं भरती नाय. पानी जातं ते जातंच." तात्यांनी आयुष्यभर ओहोटीबरोबर जायचं आणि भरतीबरोबर घरी यायचं, एवढंच केलं होतं. मग मला म्हणाले, "जे पानी परत आनून सोडत नाय, त्याच्या भरवशावर कसं जायचं?" होडी ओली न करताच आम्ही परत आलो.

काही वर्षं असं चाललं. पुढे पुढे बाहेरच्या गावांनाही मासा पुरेना. जिथे सदरा हसत घेतला जायचा तिथे लोक दार लोटून घ्यायला लागले. एका ठिकाणी एक तरुण मुलगा तात्यांना म्हणाला, "तुमची खाडी घालवलीत, आता आमची खायाला आलात?" तात्या त्याच्याशी भांडले नाहीत. परतताना म्हणाले, "खरं हाय त्याचं. पावन्यानं किती दिस ऱ्हावं?" त्यानंतर होडी अंगणात पालथी पडली. काकी सातपाटीला जाऊन मासे विकत घ्यायची आणि बाजारात बसायची. घर तिच्यावर चाललं.

तात्यांना पाण्याने कधी नेलं नाही. ते गेले अंथरुणात, माझी बदली झाल्यानंतर काही वर्षांनी, आणि मला ते पत्राने कळलं. इतकी काळजी घेतलेला माणूस सुखरूप राहिला, हिशेबाने पाहिलं तर जमेची बाजू एवढीच. पण मी त्यांचा शेवट त्याआधीच पाहिला होता.

बदलीच्या आदल्या रविवारी तात्यांनी मला होडीला हात लावायला सांगितलं. मला वाटलं लांब जायचं आहे. पण आम्ही गावच्याच खाडीवर गेलो. त्यांनी होडी काठावर आडवी केली आणि शेजारी बसले. तंबाखू मळली. मी विचारलं, उतरायचं नाही का? भरती चढून ओसरायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते परक्या पाण्यातल्या पहिल्या दिवसाचं बसणं बसताहेत.

ओहोटीने चिखल उघडा पडला. त्याला तांबूस, तेलकट झाक होती आणि त्यावर काहीच हलत नव्हतं. गावात आता बहुतेक खोल्या कारखान्यातल्या कामगारांना दिलेल्या होत्या. त्यांतला एक जण पाळीवरून परतत होता. तात्या उठले, त्याच्याजवळ गेले आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "भैया, इधर का पानी कैसा है?"

तो थांबला. "उतरना मत चाचा," तो म्हणाला, "खुजली होती है." मग होडीकडे बघून त्याने विचारलं, "नए आए हो क्या?"

"हां," तात्या म्हणाले. "नया है."

तो माणूस निघून गेला. तात्यांनी बोलता बोलता सवयीने सदऱ्याची वरची दोन बटणं काढली होती. त्यांनी काठावरच्या पहिल्या घराकडे पाहिलं. ते त्यांचंच घर होतं. मग त्यांनी बटणं परत लावली, आणि आम्ही होडी उचलली.