बारा फुटांवरची तार

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या पेपरांचे गठ्ठे बांधत होतो. त्यांची मुलगी सुनंदाताई जालन्याहून बोलत होत्या. "सकाळी गेले, सर. त्रास न्हाई झाला." मी बरं म्हणालो, गठ्ठ्याची गाठ पूर्ण केली आणि मग बसलो. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने घरून बिनतारी संचावर बोलण्याचा, परवाना त्यांनी तरुणपणीच काढलेला. मी तीर्थपुरीत विज्ञान शिकवतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे शिकलेल्या माणसासमोर बसताना मी खुर्चीच्या कडेवर बसायचो. एका विज्ञान प्रदर्शनात नानांनी मला त्यांचा संच दाखवला, घरी नेलं आणि परवान्याच्या परीक्षेसाठी वर्षभर दर रविवारी शिकवलं. पास झालो तेव्हा म्हणाले, "आता तू बी स्टेशन अन् मी बी स्टेशन. बराबरीचे." मला ते ऐकायला आवडलं, पण खरं वाटलं नाही.

अडचण अँटेनाची होती. नानांच्या जालन्यातल्या गच्चीवर तीस फुटी पाइपांवर वीस मीटर लांबीची तार ताणलेली होती. तिच्यावरून ते रशियाशी, श्रीलंकेशी बोलायचे. पण साठ किलोमीटरवरच्या तीर्थपुरीत त्यांचा आवाज धड पोचत नव्हता. तार उंच असली की लहरी लांब निघून जातात आणि जवळची गावं मधेच राहतात. तार खाली आणली तर लहरी सरळ वर जाऊन आसपासच उतरतात. गोदावरीला पाणी आलं की आमच्याकडचे मोबाइल आधी बंद पडतात, त्यामुळे जालना-तीर्थपुरी बोलणं व्हायलाच पाहिजे, असं नानांनी मनावर घेतलं. ते तार हातभर खाली घ्यायचे, सकाळी सव्वासातला बोलायचे आणि मी ऐकू येण्याचे गुण द्यायचे. शब्द किती कळतात याला पाचपैकी, आवाजाच्या जोराला नऊपैकी. ते आकडे ते वहीत उतरवायचे.

मी रोज 'पाच-नऊ' सांगायचो. खरखरीतून अर्धं वाक्य आलं तरी पाच-नऊ. ज्यांनी मला इतकं शिकवलं, सत्तरी ओलांडून जे माझ्यासाठी गच्चीवर चढतात, त्यांना तुमचं ऐकू येत नाही असं कसं म्हणायचं...

दोन महिने असेच गेले. एके दिवशी पाच-नऊ सांगून झालं आणि लगेच मोबाइल वाजला.

"दत्ता, आत्ता मी काय बोललो?"

"हवामानाचं, नाना. ढग आहेत म्हणून..."

"सतराचा पाढा म्हणत होतो मी."

मी संचाची खरखर बारीक केली.

"अरे, मी काय जेवू घालून राह्यलो का तुला, सगळं चांगलंच म्हणायला? उद्या पुरात कोणी दवाखान्यासाठी निरोप दिला, मंग तव्हाबी पाच-नऊच म्हणशील?"

"न्हाई, नाना."

"मंग आज किती होतं? खरं सांग."

"दोन-तीन."

"असं. म्हणजे दोन महिने मी तुझ्या भिडेवर तार खाली-वर केली." ते हसले, पण फोन लवकर ठेवला.

पुढच्या रविवारी मी गेलो. वहीतल्या त्या दोन महिन्यांच्या पानांवर त्यांनी आडवी रेघ मारली होती. पानं फाडली नव्हती. आम्ही तार परत तीस फुटांवर नेली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वीस फुटांवर तीन-चार. पंधरावर चार-सहा. बारा फुटांवर एका सकाळी चहात फिरणाऱ्या चमच्याचाही आवाज आला. मी पाच-आठ सांगितलं.

"नऊ का न्हाई?"

"आठच हे, नाना."

"शाब्बास," ते म्हणाले. दहा फुटांवर आवाज पुन्हा उतरला, तेव्हा तार बारावर पक्की केली. रशिया त्यांना पुढे क्वचितच मिळाला. मी विषय काढला तर म्हणायचे, "त्यांचं माझ्यावाचून काय अडलंय?"

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. आवाज पार बसला होता. ते काहीतरी पुटपुटले आणि भुवया उंचावून थांबले. सुनंदाताई पटकन म्हणाल्या, "हो बाबा, समजलं." ते माझ्याकडे बघत राहिले. मला काही कळलं नव्हतं, आणि हो म्हणणं फार सोपं होतं.

"एक-दोन, नाना," मी म्हणालो. "परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. तिसऱ्या वेळी कळलं. तारेच्या दोऱ्या उन्हाने कुजल्यात, पावसाच्या आत बदल. मी तेच शब्द त्यांना म्हणून दाखवले. त्यांनी डोळे मिटले.

मागच्या रविवारी नायलॉनच्या नव्या दोऱ्या घेऊन गेलो. नानांचा संच झाकून ठेवलेला आहे. तो कोण चालवणार हे अजून ठरलेलं नाही. तार मात्र बारा फुटांवर हवी. दोन तास गच्चीवर होतो. सुनंदाताईंनी जिन्यातून विचारलं, "झालं का बराबर?"

झालं म्हणून उतरणार होतो. वर बघितलं.

"न्हाई, ताई. पूर्वेची बाजू हातभर खाली आलीय. परत ओढतो."

मी पुन्हा शिडी लावली.