वंशावळीतल्या बायका

शालन गेल्याचा फोन विंझरहून आला तेव्हा मी शिवऱ्याला घराच्या दारातच होतो. मेहुणे एवढंच म्हणाले, "दादा, आटपलं." माझी धाकटी बहीण, वय सत्तेचाळीस. अंडाशयाचा कॅन्सर कळल्यापासून दोन वर्षं चार महिने.

पुण्याच्या दवाखान्यात या आजारावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाई तिला विचारत होत्या. पाळी कितव्या वर्षी आली, मुलं किती, अंगावर किती महिने पाजलं... शालन म्हणाली, "दादा, तू जरा भाईर चहा पिऊन ये." घराण्याची माहिती मात्र माझ्याकडे मागितली. पुढच्या खेपेला मी वारस नोंदीसाठी केलेली जुनी वंशावळ नेली. पाच पिढ्या, एकोणतीस नावं. शालननं वाचली आणि हसली. "यात बाई एक तरी हाय का रं? मीबी न्हाई."

मग तीच फिरली. केमोच्या दोन खेपांमधल्या बऱ्या दिवसांत एसटीनं पानशेत, वेल्हे, भोर. म्हाताऱ्या नातेवाईक बायकांजवळ बसून विचारायची, अमकी कशानं गेली? कावीळ, बाहेरचं, पोटात पाणी... पुन्हा विचारलं की हळू आवाजात, "गाठ हुती." आमच्या दोन्ही आत्या. आजोबांची बहीण. मी आईच्या माहेरावर बोट ठेवून बसलो होतो. हे वडिलांकडून आलेलं निघालं. रक्ताच्या तपासणीत पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा जनुकातला दोष शालनमध्ये सापडला. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. असला, तर तुमच्या मुलीतही निम्मी."

मी हिशेब केला. मुलीसाठी पाव.

"पाव म्हंजी लई कमी वाटतंय व्हय तुला?" शालन म्हणाली. "रक्त दे. स्वातीला कळाया नको?"

मी बघू म्हणालो. स्वातीसाठी स्थळं येत होती, कुणाला कळलं तर... एवढंच कारण. ते 'बघू' आठ महिने चाललं. शेवटच्या भेटीत शालननं विचारलंही नाही.

तिनं काढलेला कागद मेहुण्यांनी मला दिला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार झालेला गोल पेन्सिलीनं काळा. स्वतःचा गोल तिनंच काळा केला होता, खाली वयाची जागा मोकळी. तिथं मी सत्तेचाळीस लिहिलं. माझ्या चौकोनात तिच्या हातचं प्रश्नचिन्ह आहे.

परवा तो कागद स्वातीसमोर ठेवला. "आत्या मला कधी बोलली नाही," ती म्हणाली.

"मीच नको म्हटलं होतं."

सोमवारी मी रक्त द्यायला जातोय. ती सोबत येते आहे. कागदाला शालननं पेन्सिल दोऱ्यानं बांधून ठेवली आहे. निम्म्याहून जास्त उरली आहे.